टिटुबाला कोणी विकत घेतलं?

मे १६९३मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या इप्सविच गावी ग्रँड ज्युरीपुढे एका गुलाम बाईचं प्रकरण आलं. सैतानाशी करार केला, हा तिच्यावरचा आरोप. वर्षाहून अधिक काळ ती तुरुंगात होती. खटला चालवण्याइतका पुरावा नाही, असा शेरा ज्युरीने मारला आणि बाई सुटली. सुटली, पण बाहेर पडू शकली नाही. त्या काळी निर्दोष ठरलेल्या कैद्यालाही तुरुंगातल्या खाण्यापिण्याचे, कोठडीचे, बेड्यांचे पैसे भरावे लागत. तिच्या मालकाने, म्हणजे गावाच्या धर्मगुरूने, ते भरायला नकार दिला. शेवटी कोणीतरी ती रक्कम भरली आणि त्या रकमेच्या बदल्यात बाईला घेऊन गेलं. कोण, कुठे, याची नोंद कोणत्याही कागदात नाही.

बाईचं नाव टिटुबा. सालेमच्या चेटकीण-खटल्यांवर लिहिलेल्या बहुतेक कादंबऱ्या-नाटकांत ती असतेच. कुणाच्या पुस्तकात ती अर्धवट शुद्धीतली जादूगारीण आहे, कुणाच्या पुस्तकात घाबरट मोलकरीण, कुणाच्या पुस्तकात बंडखोर. मरीज कोंदे या ग्वादेलूपच्या लेखिकेने १९८६मध्ये फ्रेंचमध्ये लिहिलेली ‘मी, टिटुबा, सालेमची काळी चेटकीण’ ही या परंपरेतली सर्वांत धाडसी कादंबरी. पण ती कादंबरी कशाला उत्तर देते आहे हे कळायचं असेल तर तिच्या आधीची पुस्तकं पाहावी लागतात. माझं म्हणणं इतकंच, की गावाने टिटुबाला एकदा आरोपी केलं आणि पुस्तकांनी पुढे अडीचशे वर्षं. पुस्तकांनी केलेला अन्याय अधिक चिवट निघाला.

आधी गाव. ज्याला आपण सालेम म्हणतो ते बंदराचं श्रीमंत शहर, पण घटना सुरू झाल्या त्याच्या हद्दीतल्या शेतकरी वस्तीत, सालेम व्हिलेजमध्ये. आज त्या जागेचं नाव डॅन्व्हर्स. वस्ती जेमतेम ५००च्या आसपास. शेताच्या बांधावरून भांडणं, वारसाहक्कावरून भांडणं, आणि धर्मगुरूवरून तर सततची भांडणं. १६८९मध्ये आलेले रेव्हरंड सॅम्युअल पॅरिस हे पूर्वी बार्बाडोसमध्ये वडिलांच्या मळ्याचे वारस होते. तिथे जमलं नाही, बोस्टनला व्यापारात जमलं नाही, म्हणून धर्मगुरू झाले. १६९१च्या ऑक्टोबरात गावच्या समितीने त्यांच्या पगारासाठी कर गोळा करायचं बंद केलं. हिवाळा तोंडावर आलेला आणि घरात सरपणही पुरेसं नाही. उत्तरेकडे मेनच्या सरहद्दीवर वाबानाकी इंडियनांशी, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांशी, युद्ध चाललेलं. घरं जळालेली, आईबाप मारले गेलेली माणसं आश्रयाला गावात आलेली. गावकऱ्यांच्या प्युरिटन पंथाच्या प्रवचनांत इंडियन आणि सैतान हे शब्द शेजारी शेजारी यायचे. आणि पॅरिसांच्या स्वयंपाकघरात एक इंडियन बाई भाकरी भाजत होती.

जानेवारी १६९२मध्ये पॅरिसांची नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि घरातच राहणारी अकरा वर्षांची अ‍ॅबिगेल विल्यम्स यांना झटके येऊ लागले. अंग वाकडंतिकडं व्हायचं, किंचाळ्या फुटायच्या, कोणीतरी टोचतंय, चावतंय म्हणायच्या. प्रार्थना झाल्या, उपास झाले. वैद्याने औषध सोडून निदान केलं: दुष्ट शक्तीचा हात.

मग आली ती पोळी. मेरी सिब्ली ही शेजारीण, चर्चची रीतसर सभासद, इंग्रज. तिने जुना इंग्रजी उतारा सुचवला. राईचं पीठ घ्यायचं, त्यात आजारी मुलींचं मूत्र कालवायचं, ते राखेत भाजायचं आणि कुत्र्याला खायला घालायचं. चेटूक करणारी कोण ते मग उघड होतं. २५ फेब्रुवारीला तो प्रकार झाला. पॅरिसांना महिन्याभराने कळलं तेव्हा त्यांनी २७ मार्चला चर्चमध्ये भर सभेत मेरी सिब्लीची कानउघाडणी केली. ती रडली, पश्चात्ताप बोलून दाखवला, सभासदांनी हात वर करून तिला माफ केलं. पॅरिसांच्या हातची नोंद उपलब्ध आहे. तिच्यात पोळी करणारा म्हणून ‘माझा इंडियन माणूस’ आहे, म्हणजे टिटुबाचा जोडीदार जॉन इंडियन. सांगणारी सिब्ली आहे. ज्या दिवशी सभेत सिब्ली सुटली त्या दिवशी टिटुबा तुरुंगात होती. हा एक तपशील मला संपूर्ण प्रकरणात सर्वांत बोलका वाटतो, आणि पुढच्या बहुतेक पुस्तकांत नेमका तोच पुसट झाला.

पोळीनंतर चारच दिवसांनी, २९ फेब्रुवारीला, मुलींनी नावं घेतलेल्या तिघींवर वॉरंट निघालं. सारा गुड ही दारोदार भीक मागणारी. कोणी काही दिलं नाही की पुटपुटत निघून जायची, आणि मग कोणाची तरी गुरं मेली की त्या पुटपुटण्याची आठवण निघायची. सारा ऑस्बर्न ही विधवा. तिने आपल्याच गड्याशी लग्न केलं होतं, पहिल्या नवऱ्याच्या जमिनीवरून मुलांशी तंटा होता, आजारपणामुळे ती चर्चला येत नव्हती. तिसरी टिटुबा. वॉरंटात तिची ओळख एका ओळीत आहे: पॅरिसांची चाकर, इंडियन बाई.

गुरांचं दूध आटणं, गुरं मरणं आणि त्याचं खापर एखाद्या एकट्या बाईवर फुटणं हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. नंदुरबारच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर बायांना डाकीण ठरवण्याविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३मध्ये झालेल्या आपल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, अमुक व्यक्ती करणी करते किंवा मंत्रतंत्राने जनावराचं दूध आटवते असं भासवणं हा स्वतंत्र गुन्हा म्हणून लिहावा लागला. सारा गुडवरचा आरोप याच जातीचा होता.

१ मार्चला चौकशी झाली. आधी इंगरसॉलच्या खाणावळीत ठरली होती. गर्दी इतकी लोटली की प्रार्थनागृहात हलवावी लागली. दंडाधिकारी जॉन हॅथॉर्न आणि जोनाथन कॉर्विन. हॅथॉर्नच्या प्रश्नांची रीत पाहण्यासारखी आहे. तू छळलंस का, असं तो विचारत नाही. कोणत्या दुष्टात्म्याशी तुझी ओळख आहे, इथून सुरुवात. मग, या मुलींना का छळतेस. टिटुबा आधी नाही म्हणते. मी नाही छळत. मग कोण? मला काय ठाऊक, सैतान असेल. इथून पुढे मात्र तिची उत्तरं लांबत जातात. बोस्टनहून येणारा काळ्या कपड्यांतला उंच, पांढऱ्या केसांचा माणूस. काळा कुत्रा, डुक्कर, पिवळा पक्षी, लाल आणि काळी मांजरं. काठीवर बसून हवेतून जाणं. आणि दुसऱ्या दिवशीच्या चौकशीत एक पुस्तक, ज्यात सही म्हणून खुणा केलेल्या, एकूण नऊ. दोन गुड आणि ऑस्बर्नच्या. बाकीच्या कोणाच्या हे त्या माणसाने सांगितलं नाही, असं ती म्हणाली.

गाव हादरलं ते या नऊ आकड्याने. म्हणजे अजून काही जणी मोकळ्या आहेत. पुढच्या काही महिन्यांत दीडशेच्या वर माणसं पकडली गेली. १९ जण फासावर गेले. जाइल्स कोरी या म्हाताऱ्याने आरोपाला उत्तरच द्यायचं नाकारलं तेव्हा त्याच्या छातीवर दगडांची रास रचून त्याला मारलं. निदान पाच जण तुरुंगात मेले. सारा ऑस्बर्न त्यातली पहिली. सारा गुडला १९ जुलैला फाशी झाली. तिची चार-पाच वर्षांची मुलगीही साखळदंडात होती.

टिटुबाच्या जबाबामुळे हे सगळं पेटलं, असं अनेक पुस्तकांत सहज लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. जबाब नीट वाचला तर दिसतं की तिने पकडल्या गेलेल्या दोघींपलीकडे गावातलं एकही नवीन नाव दिलं नाही. हवं होतं ते तिने दिलं, पण ते बोस्टनच्या निनावी माणसावर नि निनावी खुणांवर ढकललं. पुढे १७००मध्ये रॉबर्ट कॅलेफ या बोस्टनच्या व्यापाऱ्याने आपल्या पुस्तकात लिहिलं की मालकाने मारहाण करून आपल्याकडून कबुली घेतली, असं टिटुबा सांगत असे. आणि ती आपल्या कबुलीवर ठाम राहावी, अशी पॅरिसांची अट होती. तिने ती अट मानली नाही, म्हणून त्यांनी तुरुंगाचे पैसे भरले नाहीत. मार खाल्लेल्या बाईने जीव वाचवायला सांगितलेली गोष्ट होती ती. आणि जीव वाचलाही: ज्यांनी कबुली दिली आणि फिरवली नाही, त्यांच्यापैकी कोणालाही सालेममध्ये फाशी झाली नाही.

आणखी एक गोष्ट. तिच्या जबाबात कॅरिबियन बेटांवरचं, आफ्रिकेचं काहीही नाही. काळा कुत्रा, पक्ष्याच्या रूपातला सेवक-आत्मा, सैतानाचं पुस्तक, काठीवरची स्वारी, हे सगळं इंग्रजी आणि युरोपीय समजुतींतलं. प्रश्न विचारणारे ज्या भाषेत विचारत होते त्याच भाषेत ती उत्तरं देत होती.

आता पुस्तकांकडे वळू. सालेमवरची पहिली मोठी कादंबरी अमेरिकन लेखक जॉन नील यांची, १८२८ची ‘रेचल डायर’. तिचा नायक फाशी गेलेला धर्मगुरू जॉर्ज बरोज. १८५९मध्ये इंग्लंडमध्ये एलिझाबेथ गॅस्केल यांनी ‘लोइस द विच’ ही लघुकादंबरी चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात लिहिली. आईबाप गेलेली इंग्रज मुलगी सालेमच्या नातलगांकडे येते आणि त्यांच्याच हातून चेटकीण ठरते. घरात नॅटी नावाची म्हातारी इंडियन चाकर आहे, मुलींना गोष्टी सांगून घाबरवणारी. शेवटी तुरुंगात लोइस भेदरलेल्या नॅटीला जवळ घेते. त्या काळात इतकी माया त्या पात्राला दुसऱ्या कोणी दिली नव्हती.

टिटुबाचा खरा कायापालट झाला तो १८६७मध्ये, इतिहासाच्या पुस्तकात. चार्ल्स अपहम हे सालेमचेच. धर्मगुरू, पुढे राजकारणी. त्यांच्या दोन खंडी ग्रंथात पॅरिसांच्या घरात मुलींचं एक मंडळ जमतं, भविष्य पाहणं, हात पाहणं, जादू शिकणं चालतं, आणि टिटुबा व जॉन यांनी आपल्या मुलखातल्या समजुती तिथे आणल्या असं सुचवलेलं आहे. या मंडळाला त्या काळचा एकही पुरावा नाही. जॉन हेल या समकालीन धर्मगुरूने ग्लासातल्या अंड्यात भविष्य पाहणाऱ्या एका मुलीची हकीकत लिहिली आहे. पण तिथे टिटुबाचं नाव नाही. तरीही मंडळाचं चित्र इतकं सोयीचं होतं की ते टिकलं. सोयीचं कोणाला? ज्या गावाने १९ शेजारी फासावर दिले, त्या गावाच्या वंशजांना. सुरुवात बाहेरच्या बाईने केली म्हटलं की आपल्या आजोबा-पणजोबांचा अपराध अर्धा होतो.

पुढच्याच वर्षी, १८६८मध्ये, कवी लाँगफेलो यांनी जाइल्स कोरीवर पद्यनाटक लिहिलं. त्यात टिटुबाला बाप मिळाला: काळाकभिन्न, उग्र, ओबीया ही आफ्रिकी वळणाची जादू जाणणारा. म्हणजे ती आता अर्धी इंडियन, अर्धी आफ्रिकन. १९४९मध्ये मॅरियन स्टार्की यांच्या लोकप्रिय इतिहासातही तेच मिश्रण आहे. आणि २२ जानेवारी १९५३ला न्यूयॉर्कमध्ये आर्थर मिलर यांच्या ‘द क्रूसिबल’चा पडदा उघडला तेव्हा ती पूर्णपणे काळी होती, बार्बाडोसची, रात्री रानात मुलींना घेऊन मृतात्मे जागवणारी.

‘द क्रूसिबल’ हे थोर नाटक आहे. मॅकार्थीच्या काळात, म्हणजे अमेरिकेत साम्यवाद्यांचा शोध चालला होता तेव्हा, माणसांना नावं सांगायला लावणाऱ्या समित्यांच्या धाकात ते लिहिलं गेलं. १९५६मध्ये मिलरना स्वतःलाच अशा समितीपुढे उभं राहावं लागलं आणि त्यांनी दुसऱ्यांची नावं द्यायला नकार दिला. सालेमला जाऊन त्यांनी मूळ नोंदी वाचल्या होत्या. नाट्यासाठी अ‍ॅबिगेलचं वय वाढवलं, नाटकाचा नायक जॉन प्रॉक्टर याचं उतरवलं, आणि तसं केल्याचं ते लपवत नाहीत. पण टिटुबाच्या बाबतीत त्यांनी वारसा जसा आला तसा घेतला. जगभरच्या शाळा-कॉलेजांत सालेम म्हणजे हेच नाटक, म्हणून रानातल्या त्या रात्रीची टिटुबा कायम झाली. नावं द्यायला लावणाऱ्या सत्तेविरुद्ध लिहिलेल्या नाटकात, नवं नाव न देणाऱ्या बाईवर आरंभाचा ठपका राहिला, हे मला खटकतं.

पहिलं खरं उत्तर आलं ते अ‍ॅन पेट्री यांच्याकडून. कनेक्टिकटमधल्या औषधविक्रेत्याच्या घरातली ही आफ्रिकन-अमेरिकन लेखिका. स्वतःही फार्मसिस्ट म्हणून काम केलेली. हार्लेमवरच्या ‘द स्ट्रीट’ या तिच्या १९४६च्या कादंबरीच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. १९६४मध्ये तिने किशोर वाचकांसाठी ‘टिटुबा ऑफ सालेम व्हिलेज’ लिहिली. यातली टिटुबा दिवसभर राबते. सूत कातते, विणते, आजारी मालकिणीची शुश्रूषा करते, औषधी पाला ओळखते. गावाला तिचा संशय येतो तो तिच्या हाताला कसब आहे म्हणून. आणि तुरुंगाचे पैसे भरून तिला नेणारा कोण, या प्रश्नाला पेट्रीने उत्तर दिलं: एक विणकर, ज्याला तिच्या कातण्याची किंमत कळते. कष्टकऱ्याच्या नजरेने लिहिलेली ही टिटुबा मला पुस्तकांतल्या सगळ्या टिटुबांमध्ये सर्वांत विश्वासार्ह वाटते.

१९७४मध्ये चॅडविक हॅन्सन या अभ्यासकाने एका लेखात हा सगळा प्रवास ओळीने मांडला: कागदात इंडियन, मग अर्धी-अर्धी, मग आफ्रिकन, आणि तिच्या नावावरची जादूही तशीच इंग्रजीची आफ्रिकन झालेली. हा निबंध विद्वानांपुरता राहिला.

मरीज कोंदे यांचा जन्म १९३४चा, ग्वादेलूपमधल्या प्वांत-आ-पित्रचा. १९८०च्या दशकाच्या मध्यात त्या लॉस एंजेलिसमध्ये शिकवत होत्या, आणि तिथल्या ग्रंथालयात टिटुबा त्यांच्या हाती लागली. खटल्यांवर कपाटंच्या कपाटं भरलेली आणि या बाईबद्दल जवळपास काही नाही, हे पाहून त्यांनी ठरवलं की हिला बालपण आपणच द्यायचं, म्हातारपणही आपणच द्यायचं. कादंबरीची सुरुवातच गुलामवाहू जहाजावर होते. टिटुबाची आई अबेना हिच्यावर जहाजावरचा इंग्रज खलाशी बलात्कार करतो. टिटुबा त्यातून जन्मते. पुढे मळ्याच्या मालकाने अंगावर हात टाकल्यावर अबेना कोयता उचलते आणि फासावर जाते. पोरकी टिटुबा मामा याया या म्हातारीकडून झाडपाला आणि मेलेल्यांशी बोलणं शिकते. मग जॉन इंडियनवर जीव जडतो, आणि त्याच्यासाठी ती, स्वतंत्र असूनही, गुलामीत पाऊल टाकते.

तुरुंगातल्या कोठडीत तिला भेटते ती हेस्टर. ‘द स्कार्लेट लेटर’ या १८५०च्या कादंबरीची नायिका! ती लिहिणारे नॅथॅनिएल हॉथॉर्न हे टिटुबाची उलटतपासणी घेणाऱ्या दंडाधिकारी जॉन हॅथॉर्नचे वंशज. पूर्वजांची लाज त्यांना आयुष्यभर डाचत राहिली. त्या घराण्यात जन्मलेली काल्पनिक स्त्री आणि त्या घराण्याने छळलेली खरी स्त्री कोंदे एका कोठडीत बसवतात. हेस्टर टिटुबाला कोर्टापुढे काय बोलायचं ते शिकवते, आणि त्यानंतर कोंदे कादंबरीत मूळ जबाबाचा उतारा आणतात. सोळाशे ब्याण्णवचा कागद प्रथमच टिटुबाच्या बाजूने वाचला जातो. पुढे तिला विकत घेणारा कोंदेंच्या मते एक ज्यू व्यापारी आहे, ज्याच्या घरादाराला प्युरिटन आगी लावतात. अखेर ती बार्बाडोसला परतते आणि गुलामांच्या उठावात फासावर जाते.

ही ऐतिहासिक कादंबरी नव्हे, उलट तिचं विडंबन आहे, असं कोंदेंनी पुढे मुलाखतीत सांगितलं. ते लक्षात ठेवूनच ती वाचावी. कारण रंगाच्या बाबतीत त्यांनीही मिलरचाच वारसा उचलला: यातलं इंडियन रक्त जॉनच्या वाट्याला गेलं आणि टिटुबा शीर्षकातच काळी झाली. कागदाशी ते जुळत नाही. पण अपहमपासून मिलरपर्यंतच्या लेखकांनी रंग वापरला तो दोष चिकटवायला. कोंदेंनी तो वापरला जाब विचारायला. इतिहासकारांच्या वंशद्वेषामुळेच तिचा विकत घेणारा आपल्याला कधी कळणार नाही, असं त्या कादंबरीच्या शेवटच्या टिपणात स्पष्ट लिहितात. १९८७मध्ये या पुस्तकाला फ्रान्समध्ये पुरस्कार मिळाला. त्यांचे पती रिचर्ड फिलकॉक्स यांच्या इंग्रजी अनुवादाला अमेरिकन कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस यांनी प्रस्तावना लिहिली. २०१८मध्ये साहित्याचं नोबेल पुढे ढकललं गेलं तेव्हा स्वीडनमध्ये दिला गेलेला पर्यायी पुरस्कार कोंदेंनाच मिळाला. २०२४च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

कादंबरीनंतर दहा वर्षांनी एलेन ब्रेस्लॉ या इतिहासकाराने बार्बाडोसमधल्या १६७६च्या एका दस्तात, मळ्यावरच्या गुलामांच्या यादीत, ‘टाटुबा’ असं नाव शोधलं आणि ती दक्षिण अमेरिकेतली अरावाक असावी असा तर्क मांडला. नावाच्या साम्यावर उभा असलेला तर्क तो. तरी कादंबऱ्यांनी इतिहासाला कागद शोधायला भाग पाडलं, एवढं त्यातून दिसतं.

इकडे सरकारी माफीनाम्यांची वाट वेगळी चालली. १७११मध्ये शिक्षा झालेल्यांच्या कुटुंबांना भरपाई मिळाली. १९५७ आणि २००१मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने आणखी नावं निर्दोष केली. उरलेली शेवटची बाई, एलिझाबेथ जॉन्सन, २०२२मध्ये सुटली, तीही आठवीच्या वर्गातल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या शिक्षिकेने पाठपुरावा केल्यामुळे. यांपैकी कशातही टिटुबा बसत नाही. तिला शिक्षा झालीच नव्हती, त्यामुळे रद्द करायला काही नाही. भरपाई मागायला मागे कोणी उरल्याची नोंद नाही.

टिटुबाची चौकशी, पॅरिसांची चर्चमधली नोंद, वॉरंट, हे सगळे कागद व्हर्जिनिया विद्यापीठाच्या सालेमविषयक दफ्तरात इंटरनेटवर कोणालाही वाचायला खुले आहेत. मिलरचं नाटक किंवा कोंदेंची कादंबरी हातात घेण्याआधी १ मार्च १६९२चा जबाब वाचा. तो फार लांब नाही. तिच्या पहिल्या दोन उत्तरांत ‘नाही’ आहे, आणि ते ‘नाही’ नोंदवून घेऊनही कोर्टाने पुढचा प्रश्न तोच विचारला.